आगारीचा चौथा घास

"जित्या माणसाला चहा नाही, आणि मेलेल्यांची चौकशी चाललीय सकाळपासून."

आबा हे कोणाला उद्देशून बोलले नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून सुपारी कातरता कातरता ते अडकित्त्याशी बोलले होते. पण दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या सूनबाई, म्हणजे इंदिराबाई, मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या आणि दोघांच्या मध्ये एक फळी काय ती होती. चहाचं आधण केव्हाच आटून गेलं होतं. इंदिराबाईंनी ते उतरवलं, दुसरं ठेवलं, आणि वहीत डोकं घालून पुन्हा विसरल्या.

वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती. "आमचे आबा, श्री. झुलालशेठ, यांचा जन्म" आणि पुढे कोरं. ही ओळ लिहून आज चौदा दिवस झाले होते.

जळगावच्या त्या गल्लीत इंदिराबाईंना कोणी लेखिका म्हणत नव्हतं, आणि त्यांचीही तशी काही तक्रार नव्हती. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर पुड्याच्या कागदावर आलेलं जे मिळेल ते त्या वाचत गेल्या. त्यामुळे त्यांना पुष्कळ गोष्टींची मधली पानं ठाऊक होती आणि शेवट फारच थोड्यांचे. कधीतरी एक गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत आपण स्वतः लिहावी आणि ती छापून यावी, एवढी एकच हौस त्यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मनात ठेवली होती. बाकीच्या हौशी संसारात विरून गेल्या. ही मात्र उरली, आणि तिनेच घात केला.

घाताला सुरुवात शेजारच्या झमकूबाईंकडे झाली. झमकूबाईंचे यजमान पन्नालालजी कापडवाले. संक्रांतीनंतर त्यांच्याकडे राजस्थानातून त्यांचे भाट आले. वंशावळ सांभाळणाऱ्या या मंडळींना घरोघर बारोटजी म्हणतात. हात हात लांब वह्या उलगडून त्यांनी खणखणीत आवाजात बावीस पिढ्या वाचल्या. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून ऐकत होत्या. बाविसावं नाव झाल्यावर झमकूबाईंनी पदर सावरला आणि अगदी मायेनं विचारलं, "इंदिराबाई, तुमच्या किती?"

"आमच्याही आहेत की," इंदिराबाई म्हणाल्या.

"आहेत हो. पण किती?"

हा प्रश्न मायेचा होता की काट्याचा, हे इंदिराबाईंना अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या रात्री भाकरी थापताना त्यांनी मनाशी मोजून पाहिलं. आबा, आबांचे वडील गोविंदशेठ, त्यांचे वडील देवजीशेठ. तीन. झमकूबाईंच्या एकोणीस जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की येत्या आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, आबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात, तर त्या दिवशी घराण्याच्या गोष्टींचं एक छापील पुस्तक काढायचं. आबांचा वाढदिवस आखाजीला येतो असं घरात सगळे म्हणायचे. कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नव्हतं. पुस्तक त्या स्वतः लिहिणार होत्या.

हे ऐकल्यावर घरात जे झालं त्याला आनंद म्हणता येणार नाही. त्यांचे यजमान सुकदेवराव एकदम उठले आणि सायकलची साखळी बसवायला गेले. साखळी उतरलेली नव्हती.

सुकदेवराव नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर कारकून होते. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि गेलेला प्रत्येक म्हातारा त्यांच्या लेखणीखालून जात असे. अशा माणसाच्या घरात जन्माच्या एका तारखेसाठी अडून बसायची वेळ यावी, याची इंदिराबाईंना मौज वाटली होती. मौज पहिल्या दोन दिवसांत संपली.

"अहो, आबा नेमके कुठे जन्मले? गावी पिंपळनेरच्या घरात, की त्यांच्या आईच्या माहेरी?"

"लिही ना सरळ. आबांचा जन्म झाला."

"कुठे?"

"अगं, जन्म झाल्याशिवाय कोणी पंचाहत्तरीला पोचतं का? तेवढं पुरे वाचणाराला."

वीस वर्षं जन्माच्या नोंदी करणाऱ्या माणसाचं हे मत ऐकून इंदिराबाईंना आपल्या दोन्ही मुलांच्या दाखल्यांची काळजी वाटू लागली.

झमकूबाईंच्या बारोटजींनी जाता जाता एक उपकार केला. इंदिराबाईंच्या वाणी समाजाच्या वह्या त्यांच्या साडूकडे होत्या. साडू फाल्गुनात आले. खादीचा फेटा, कानात बाळी, बगलेत लाल फडक्यात बांधलेली वही. इंदिराबाईंनी त्यांना पाट दिला, पुरण घातलं, आणि झमकूबाईंना मुद्दाम बोलावून पुढे बसवलं. ती चूक झाली.

वही छान चालली होती. कुठल्या कुठल्या गावाहून निघालेले, कुठल्या नदीकाठी राहिलेले, एकाहून एक भारदस्त पूर्वज येत होते. इंदिराबाई बोटं मोजत होत्या. चौदा, पंधरा, सोळा. झमकूबाईंचा चेहरा बारीक होत होता. सतरावे देवजीशेठ आले. अठरावे गोविंदशेठ आले. बारोटजींनी आवाज चढवला, "गोविंद देवजी, वास्तव्य पिंपळनेर, पत्नी एक," आणि मग तो उतरवला. "पुत्र नाही. शाखा बंद."

अडकित्ता थांबला. तेवढंच. आबांनी सुपारीकडे पाहिलं, अर्धी खांड खाली ठेवली आणि म्हणाले, "बारोटजी, ऊन फार झालंय. जेवून मगच निघा."

"शाखा बंद म्हणजे?" इंदिराबाई उभ्याच राहिल्या. "आम्ही घरात अकरा माणसं आहोत! हे समोर बसलेत ते कोण?"

"बाई, मी वाचतो. लिहिणारा माझा आजा."

"मग तुमच्या आजांचं चुकलं!"

"वह्यांत चुका असतातच," सुकदेवराव घाईनं म्हणाले. "मी स्वतः रोज करतो. बारोटजी, वही बांधा. आमरस अजून निघाला नाही, पण बासुंदी आहे."

झमकूबाई जाताना इंदिराबाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. घरात कोणी गेल्यावर फिरवतात, तसा.

आता दुसरी एखादी बाई इथे थांबली असती. पण आपण अकरा माणसं, एक गाय आणि रेशनकार्ड यांच्यासकट जन्मलोच नाही, असं झमकूबाईंच्या देखत ठरल्यावर थांबायचं कसं? वही खोटी ठरवायला सरकारी कागद हवा होता. इंदिराबाईंनी नवऱ्याला रजा टाकायला लावली. पिंपळनेरच्या जुन्या नोंदी साक्रीच्या कचेरीत, म्हणून दोघं एस.टी.नं साक्रीला गेली. ते बहात्तर-त्र्याहत्तरचं दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत बसलेली, आणि बसमध्ये धूळ अशी की उतरताना सुकदेवरावांनी चुकून दुसऱ्याच बाईंची पिशवी उचलली.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला.

"बालकाचं नाव?"

"झुलाल गोविंद."

"बालकाचं वय?"

"पंचाहत्तर."

कारकुनानं मान वर केली. "नोंदीला उशीर का झाला, त्याचा खुलासा जोडा. जन्मवेळी हजर असलेल्या सुईणीचा जबाब आणा. सुईण नसेल तर तेव्हाच्या पोलीसपाटलाची सही."

"अहो, ते सगळे वारले असतील की!"

"मग त्यांचे मृत्यूचे दाखले आणा."

"आज काही होणार नाही का?" इंदिराबाईंनी हात जोडले.

"साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या या."

सुकदेवरावांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला. हे प्रत्येक वाक्य त्यांचं होतं. खुलासा त्यांचा, सुईण त्यांची, "उद्या या" तर अगदी त्याच पट्टीत. वीस वर्षं आपण जे फेकत आलो ते साक्रीला येऊन आपल्यालाच लागावं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चहा घेतला नाही.

इंदिराबाई मात्र दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन पुन्हा गेल्या. आणि आश्चर्य म्हणजे जुनी पुस्तकं निघाली. कसरीनं खाल्लेली, दोरीनं बांधलेली. कारकून स्वतःच पानं उलटू लागला. आबांच्या जन्माचं म्हणून जे वर्ष घरात सांगत, त्या वर्षात गोविंद वाण्याच्या नावावर काही नव्हतं. मागच्या वर्षी नाही. पुढच्या वर्षी नाही. त्यापुढची पानं आली आणि कारकुनाचा हात सावकाश चालू लागला. संवत छप्पनचा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. जन्माचं पान एक, मरणाची पानं वीस. नावं तर कुठे कुठेच. "एक बाई, डोंगराकडील." "एक पुरुष, डोंगराकडील." "एक मूल." खाली तेच, तेच, तेच.

इंदिराबाईंचं बोट त्या पानावर ओळीओळीनं खाली उतरत गेलं. आपण कशासाठी आलो होतो हे त्यांना क्षणभर आठवेना. मग सुकदेवराव म्हणाले, "चल, गाडी चुकेल." गाडीला दीड तास होता.

आल्यासरशी पिंपळनेर करून घ्यावं, म्हणून त्या आबांच्या धाकट्या बहिणीकडे, शेवंताअक्कांकडे गेल्या. अक्कांना गावातच दिलेलं. सत्तरी उलटलेली, पण आवाज अख्ख्या पेठेला पुरेल असा. घराण्याच्या गोष्टी त्यांच्याइतक्या कोणालाच येत नव्हत्या. देवजीशेठांनी दुकानावर आलेल्या दरोडेखोराच्या डोक्यात दोनशेरी वजन घातलं, ती गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली. इंदिराबाईंनी ती भराभर उतरून घेतली. (पुढे धुळ्याला ऐकलेल्या गोष्टीत वजन देवजीशेठांच्या भावानं मारलं. आणि गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मते तो माणूस तंबाखू मागायला आला होता, कोणी कोणाला काही मारलं नाही. इंदिराबाईंनी तिन्ही लिहिल्या. खरी कोणती ते पूर्वजांनी आपसात ठरवावं.)

"आणि अक्का, आबांच्या जन्माचं काय सांगायचे तुमच्याकडे?"

अक्कांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी ताटात टाकली. वर भरताचा डोंगर केला.

"खाय माय, खाय. किती वाळी गयी तू."

"अक्का, पण आबा..."

"तेल टाकू का वर?"

"कागदावर नोंद नाही. वहीत तर पुत्र नाही म्हणून..."

"कसाले खोदी ऱ्हायनी व तू?" अक्का एकदम म्हणाल्या. आणि लगेच आवाज मऊ करून, "मिरची लागनी का? गूळ देस."

धुळ्यालाही तेच. तिथे सुकदेवरावांचे दूरचे चुलतभाऊ चुडामणभाऊजी यांचा छापखाना. पुस्तक तेच छापणार होते, तेही कागदाच्या पैशात. माणूस दिलदार. पण जन्माची ओळ निघाली की त्यांना शेवभाजी मागवायची आठवण व्हायची. इंदिराबाईंनी तीन वेळा विचारलं आणि तीन वेळा शेवभाजी आली. तिसऱ्या वेळी तर्रीनं पोटात आग पडलेली असताना त्यांच्या ध्यानात आलं की ह्या घराण्यात एक प्रश्न असा आहे, की तो विचारला तर माणसाला जेवायला घालतात.

"भाऊजी, पहिलीच ओळ अपुरी आहे."

"वहिनी, जागा सोडतो. दोन इंच. तुम्ही कळवा, मी खिळे बसवतो."

इंदिराबाई घरी परतल्या आणि खरोखर खचल्या. वहीत चाळीस पानं भरली होती. विहीर बांधणारे पूर्वज, काशीहून पायी येणारे पूर्वज, दोनशेरी मारणारे आणि न मारणारे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांनाच सुरुवात नाही. पुड्यांच्या कागदातल्या गोष्टींना नुसता शेवटच नसायचा. ही त्यांची स्वतःची गोष्ट, हिला आरंभच नाही. त्यांना वाटलं, आपल्या नशिबी मधली पानंच लिहिलेली आहेत.

आबांना थेट का विचारलं नाही? एकदा विचारलं. आबा दिवेलागणीला नेहमीसारखे ओट्यावर बसले होते. पिंपळनेरचं दुकान मुलांवर सोपवून जळगावला आल्यापासून वीस वर्षं ते त्या वेळेला ओट्यावर बसत, रस्त्याकडे तोंड करून. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी, जी साऱ्या गल्लीनं नाकं मुरडत खाल्ली, तिचा चुरासुद्धा ते बोटानं टिपून खात.

"आबा, तुमच्या लहानपणचं पहिलं काय आठवतं?"

आबांची नजर रस्त्यावरच होती. "भाकरी," ते म्हणाले. आणि आत निघून गेले.

हे पुस्तकात कसं घालायचं?

आखाजी आली. अक्षयतृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात. अक्काही आल्या, सत्तरीतल्या माहेरवाशीण, झोक्यावर पहिल्यांदा त्याच बसल्या. चुडामणभाऊजी धुळ्याहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आले. झमकूबाई आणि पन्नालालजींना आमंत्रण होतं. समाजातली पन्नासेक मंडळी संध्याकाळी येणार होती. पत्रिकेवर छापलेलं होतं, "कुलकथांचे वाचन."

इंदिराबाईंनी गठ्ठा सोडला. वरचं पुस्तक उघडलं. आपलं नाव छापलेलं त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्याखाली,

"आमचे आबा, श्री. झुलालशेठ, यांचा जन्म          झाला."

दोन इंच. पांढरेशुभ्र. दोनशे प्रतींत.

"तुम्ही कळवलंच नाही वहिनी," चुडामणभाऊजी पुटपुटले. "मी वाट पाहिली. मग छापलं."

"छान दिसतंय की," सुकदेवराव म्हणाले. "हवेशीर."

इंदिराबाई माजघरात जाऊन कोपऱ्यात बसल्या. रडल्या नाहीत. रडायला सवड कुठली, पुरणपोळ्या व्हायच्या होत्या. खापरावर हातभर पोळी टाकताना त्या एवढंच म्हणाल्या, की आता बाहेर गेलं की झमकूबाई विचारतील, आणि मी त्यांना जेवायला घालीन.

दुपारी घागर पुजली. पाण्यानं भरलेली मातीची घागर, वर आंबा. समोर निखारे. आखाजीला घरातला कर्ता पितरांची नावं घेऊन एकेक घास निखाऱ्यावर ठेवतो. ती आगारी. आबा पाटावर बसले. सगळे भोवती उभे राहिले. लवकर आलेल्या झमकूबाईही दाराशी टेकल्या होत्या.

"देवजी." एक घास. तूप चरचरलं.

"गोविंद." दुसरा.

"भागीरथी." तिसरा. ती आबांची आई. म्हणजे अक्कांचीही.

मग आबांनी चौथा घास उचलला. ओठ हलले, आवाज निघाला नाही. घास निखाऱ्यावर ठेवून त्यांनी हात जोडले.

इंदिराबाईंनी हे तीस वर्षं पाहिलं होतं. नावं तीन, घास चार. म्हाताऱ्या माणसाची मोजण्यातली चूक समजून त्यांनी ती तीस वर्षं पोटात घातली होती. पण आज त्यांच्या पोटात जागा नव्हती. दोन इंच कोरा कागद, साक्रीची सुईण, बावीस पिढ्या आणि तीन प्लेटा शेवभाजी, सगळं एकदम वर आलं.

"आबा, चौथा घास कोणाचा?"

"भाऊ, जेवन थंडं व्हई ऱ्हायनं," अक्का तात्काळ म्हणाल्या.

"पानं मांडा, पानं मांडा!" चुडामणभाऊजी.

सुकदेवराव सायकलकडे निघालेच होते.

"थांब रे," आबा म्हणाले. ते निखाऱ्यांकडेच पाहत होते. "तिनं विचारलंय. आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं." त्यांनी तुपाचा हात धोतराला पुसला. "माझ्या आईचा. नाव ठाऊक नाही, म्हणून घेत नाही. छप्पनच्या दुष्काळात डोंगरातून खाली आली. पिंपळनेरच्या दुकानाच्या ओट्यावर मला बसवलं. तीनेक वर्षांचा असेन, वय पुढे घरच्यांनी अंदाजानं धरलं. आत मागून आणलेली भाकरी माझ्या हातात दिली. काहीतरी बोलली. ती बोली आता मला येत नाही. इथंच बस म्हणाली असेल. येते म्हणाली असेल. मी खाण्यात होतो. भाकरी संपल्यावर वर पाहिलं, तर रस्ता."

निखाऱ्यावरचा चौथा घास अजून धुपत होता.

"गोविंदशेठनं मला आत घेतलं. त्यांच्यासारखा बाप कोणाला मिळू नये असं नाही, सगळ्यांना मिळावा. पण मी त्यांच्या पोटचा नाही. बारोटाची वही खोटी नाही, सूनबाई. तुझी जागा भरून टाक. 'जन्म' म्हणायचंच असेल तर लिही, पिंपळनेरला, ओट्यावर."

एवढं बोलून आबांनी मान वर केली. आता आपल्या घरावर काय कोसळतंय ते पाहायची त्यांनी तयारी केली असावी. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. चुडामणकडे पाहिलं. झमकूबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण त्या परक्या. घरातल्या माणसांत मात्र कोणीही दचकलं नव्हतं. सुकदेवराव आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. चुडामणभाऊजी घागरीवरचा आंबा सरळ करत होते.

आबांचं शहरी मराठी गळून पडलं.

"तुमले... बठ्ठास्ले? सगळास्ले ठाऊक व्हतं?"

"व्हतं, भाऊ," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "मायनी मरतांना सांगेल व्हतं. झुलालले कळू देऊ नका, म्हने. त्याले वाईट वाटी."

आबा एकेका तोंडाकडे पाहत राहिले. मग सगळ्यांच्या मागे, पोळीच्या पिठानं हात भरलेल्या, तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या सूनबाईंकडे पाहिलं. तेवढा एकच चेहरा चकित झालेला होता.

"अरे," आबा म्हणाले, "मग सत्तर वर्षं मी कोणाच्या भीतीनं गप्प बसलो?"